चालतं घर परराज्यात हलवताना: पुणे ते बेंगळुरू, कोणतं काम कधी

नवऱ्याच्या बदलीचं पत्र फेब्रुवारीत आलं आणि त्याच रात्री आम्ही सामान हलवणाऱ्यांचे दर बघत बसलो. खरं तर ते सगळ्यात शेवटचं काम होतं. सामान काय, दोन दिवसांत बांधून होतं. माणसं अडकतात ती कागदांत, शाळेच्या तारखांत आणि रोजच्या डब्यांत. आमच्या घरात सासूबाई, आठवीत जाणारी मुलगी, चौथीत जाणारा मुलगा आणि माझी स्वतःची नोकरी. बदली आली म्हणून सकाळचा कुकर थांबत नाही, की सासूबाईंची बीपीची गोळी चुकवता येत नाही. असं चालतं घर तीन महिन्यांत सुमारे ८४० किलोमीटरवर न्यायचं होतं. काही जमलं, काही फसलं. त्यातून कामांचा जो क्रम हाती आला, तो इथे देते आहे. हैदराबादला किंवा इंदूरला जाणाऱ्यांनी कर्नाटकापुरते तपशील बदलून घ्यावेत, बाकी क्रम तोच राहील.

आधी एक कागद, मधोमध रेघ

एक मोठा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त ती कामं लिहा, जी राहिली तर पुन्हा इथे यावं लागेल. उजवीकडे ती, जी नव्या गावी बसूनही होतात.

डावीकडे येतात: शाळा सोडल्याचे दाखले, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या जादा प्रती, जातीचं आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, गाडीचं आरटीओचं ना-हरकत, गॅसची जोडणी, बँकेचा लॉकर, राहतं घर भाड्याने देणार असाल तर त्याचा करार. उजवीकडे: आधारवरचा पत्ता, मतदारयादी, पॅन, विमा, बँकेतला पत्ता, मोबाइलची योजना.

गंमत अशी की माणूस आधी उजवीकडची कामं उरकतो, कारण ती सोफ्यावर बसून फोनवर होतात. आम्हीही तेच केलं. विम्याचा पत्ता बदलून झाला आणि मोठं काम केल्यासारखं वाटलं. गाडीवरचं कर्ज फिटून दोन वर्षं झाली तरी बँकेचा बोजा आरसी बुकावरून उतरलेला नाही, हे मात्र निघायच्या तीन आठवडे आधी कळलं. म्हणून हा कागद फ्रिजच्या दारावर लावा आणि डावी बाजू रिकामी होईपर्यंत उजवीकडे बघू नका.

तारीख नोकरीने नाही, शाळेने ठरवायची

नोकरीवर रुजू होण्याची तारीख ही घरातल्या एका माणसाची तारीख असते. बाकीच्या चौघांची शाळा ठरवते. आपल्याकडच्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीलाच उघडतात. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे पुण्यातल्या राज्य मंडळाच्या शाळेतून तिथल्या सीबीएसई शाळेत जाणाऱ्या मुलाचा थोडाफार अभ्यास आपल्या परीक्षा संपेपर्यंत होऊनही गेलेला असतो. शक्य असेल तर नवरा किंवा बायको, ज्याची बदली असेल त्याने आधी जाऊन एखादी खोली घेऊन राहावं आणि बाकीच्यांनी निकाल लागल्यावर मेमध्ये निघावं. आम्ही तसंच केलं. दोन घरांचा खर्च दोन महिने सोसला, पण मुलांचं वर्ष मध्येच तुटलं नाही.

कोणत्या इयत्तेत हलवायचं याला फार महत्त्व आहे. सीबीएसईत विद्यार्थ्याची मंडळाकडे नोंदणी नववीत होते आणि दहावीला किंवा बारावीला थेट प्रवेश घ्यायचा तर बदलीचं कारण दाखवून मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे नववी संपल्यावर किंवा अकरावी संपल्यावर हलणं टाळता आलं तर टाळाच. आठवीच्या आत किंवा दहावीनंतर, या दोन खिडक्या त्यातल्या त्यात सोप्या.

दाखल्याचं काम निकालाच्या दिवशीच सुरू करा. मेच्या मध्यानंतर शाळेचं कार्यालय अर्धा दिवस उघडं असतं आणि सही करणारे मुख्याध्यापक गावी गेलेले असतात. परराज्यात जायचं असेल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बऱ्याच शाळा मागतात. नव्या शाळेला ती हवी आहे का, हे आधी फोन करून विचारा. हवी असेल तर ती कुठल्या कार्यालयात मिळेल, ते जुनी शाळा सांगेल. दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख ही सगळी जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत. आमच्या मुलाच्या नावात एक जादा ‘ए’ होता. शाळेतच तो पंधरा मिनिटांत निघाला; बेंगळुरूला पोचल्यावर कळलं असतं तर त्याच्यासाठी सुट्टी काढून यावं लागलं असतं. विद्यार्थ्याचा यूडायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीतला कायम क्रमांकही जुन्या शाळेकडून लिहून घ्या, नवी शाळा तो मागतेच.

आता भाषा. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांमध्ये कन्नड शिकवणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं. आपल्याकडे २०२० मध्ये मराठीसाठी कायदा झाला, तसाच हा प्रकार, त्यामुळे कुरकुर करायला आपल्याला तोंड नाही. प्रवेशाच्या वेळी विचारायचे प्रश्न दोनच: माझ्या मुलाला या इयत्तेत कन्नड कितवी भाषा म्हणून असेल, आणि नव्याने आलेल्या मुलांसाठी वेगळी तयारी करून घेता का? लिपी सुट्टीतच सुरू करा. बाराखडीचा क्रम आपलाच आहे, मुलं महिन्याभरात अक्षरं लावून वाचायला लागतात. आमचा मुलगा पहिल्या दिवसापासून बसवरच्या पाट्या वाचत होता. मी अजून आकड्यांवर भागवते.

आठवीतली मुलगी आणि बारावीनंतरचं घोंगडं

याबद्दल निघण्याआधी कुणी बोलत नाही. मुलगी सातवी-आठवीत असताना राज्य बदललं, तर बारावीनंतर ती ना इकडची ना तिकडची होऊ शकते. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी राज्याच्या कोट्यातून बसायचं तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. कर्नाटकात सरकारी कोट्यासाठी बारावीपर्यंतची किमान सात वर्षं तिथे शिकलेली असणं हा सर्वसाधारण निकष आहे. आठवीत आलेल्या मुलीची पाचच भरतात. केंद्र सरकारी कर्मचारी, सैन्यदल, काही विशिष्ट पालक यांच्यासाठी वेगळे गट आहेत, अखिल भारतीय कोटा सगळ्यांना खुला असतोच, आणि अभियांत्रिकीसाठी महाराष्ट्रात अधिवास असलेल्या पालकांच्या मुलांनाही एक वाट आहे. तरीसुद्धा दोन्ही राज्यांच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिका निघण्याआधी एकदा शेजारी ठेवून वाचा. नियमांत दरवर्षी थोडेफार बदल होतात, म्हणून शेजाऱ्यांच्या अनुभवावर विसंबू नका.

यासाठी आई-वडिलांचं आणि मुलांचं वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचं प्रमाणपत्र इथे असतानाच काढून ठेवा. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करता येतो. पुराव्याला वीजबिलं, शाळेचे दाखले, करपावत्या लागतात. हे सगळं आज एका कपाटात आहे. सामान बांधल्यावर ते कुठल्या खोक्यात असेल, देव जाणे.

आरक्षित प्रवर्गातल्या कुटुंबांनी मुलांची जातप्रमाणपत्रं याच काळात काढावीत. ती ज्या जिल्ह्यातून कुटुंब मूळचं आहे तिथूनच मिळतात. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातला पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या. तालुक्याच्या गावी जाऊन जुन्या शाळेच्या रजिस्टरमधून नोंद काढून आणणं हे बेंगळुरूहून होणारं काम नव्हे. आणखी एक गोष्ट स्पष्ट असू द्या: या प्रमाणपत्रावर केंद्राच्या सवलती चालू राहतात, पण स्थलांतर करून गेलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला नव्या राज्याचं आरक्षण आपोआप मिळत नाही.

गाडी न्यायची की विकायची

मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो. तिथला एकरकमी रस्ताकर भरायचा आणि मग महाराष्ट्राकडून उरलेल्या काळाचा कर परत मागायचा, असा प्रवास आहे. कर्नाटकाचा कर कमी नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: गाडी सात-आठ वर्षं जुनी असेल तर इथेच विका. नवी असेल तर न्या. बीएच मालिकेची असेल तर क्रमांक बदलायची भानगडच नाही. २०२१ मध्ये सुरू झालेली ही मालिका सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या लोकांना मिळते.

न्यायची ठरली तर क्रम असा. आधी बँकेचं पत्र घेऊन कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवायचा. मग थकलेली सगळी ई-चलनं भरायची; कधीकाळी झेब्रा क्रॉसिंगवर पुढे गेलेलं चाक इथे आडवं येतं. विमा आणि पीयूसी चालू आहे ना, बघायचं. मग नमुना २८ भरून, चासी क्रमांकाचा पेन्सिलने उतरवलेला ठसा जोडून, ना-हरकत मागायचं. नव्या राज्यात गेल्यावर नमुना २७ भरून नवा क्रमांक मिळतो.

वर्षभरातच परतण्याची शक्यता असेल तर क्रमांक बदलू नका. पण आपण राज्यात कधी आलो याचा पुरावा गाडीतच ठेवा: सामानाची बिल्टी (ट्रकवाल्याने दिलेली मालाची पावती), टोलच्या नोंदी, भाडेकरार. रस्त्यात अडवलं की वाद ‘गाडी इथे किती दिवस आहे’ यावरच होतो.

दुचाकी रेल्वेच्या पार्सलने उत्तम जाते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करायची, स्टेशनबाहेर गोणपाटात बांधून देणारे असतात त्यांच्याकडून बांधून घ्यायची, आरसी आणि विम्याची प्रत द्यायची. आरसे आधी काढून पिशवीत ठेवा. आमचा डावा आरसा त्यात गेला.

गॅस आणि मागे राहणारं घर

गावाबाहेर जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि जोडणी बंद केल्याचं व्हाउचर घ्यायचं. नव्या गावी त्या व्हाउचरवर जोडणी मिळते, फक्त अनामत तेव्हाच्या दराने भरावी लागते. यासाठी जोडणी घेतानाचं मूळ व्हाउचर लागतं. ते वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या नावावर घेतलेलं असेल तर नाव बदलण्याचं काम आधी, म्हणून हे महिनाभर अलीकडे काढा. सिलिंडर कुठल्याही परिस्थितीत ट्रकमध्ये टाकू नका. पाइपचा गॅस असेल तर शेवटचं बिल भरून जोडणी बंद करून घ्या.

सिलिंडर जमा केल्यावर शेवटचे दोन दिवस कशावर काढायचे? इंडक्शन शेगडी. नसेल तर शेजारणीकडून आणा. या दोन दिवसांत कळतं की इंडक्शनला चालणारं घरात एकच पातेलं आहे.

घर स्वतःचं असेल आणि भाड्याने देणार असाल, तर करार नोंदवूनच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी बंधनकारक आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, सोसायटीला कळवायचं. आपण स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवापर शुल्क लावेल, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. हा २००१ चा सरकारी आदेश आहे, एखादा सचिव विसरला असेल तर आठवण करून द्या. पुणे महापालिकेच्या हद्दीत स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवताना हे धरा.

रेशनकार्डाची काळजी फार करू नका. अन्नसुरक्षा योजनेतलं धान्य मिळत असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे ते तिथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं. पांढरं कार्ड असेल तर तसंही ते फाइलमध्येच राहतं.

तिथलं घर बघताना

बेंगळुरूत अनामत रक्कम पुण्यापेक्षा बरीच जास्त मागतात. एकेकाळी दहा महिन्यांचं भाडं ही पद्धत होती, आता घासाघीस करून पाच-सहावर येता येतं. करार अकरा महिन्यांचा. घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची रीत आहे, ते करारात लिहिलेलं असतं, वाचून सही करा. कुणी ‘लीज’वर घर देतो म्हणालं तर त्याचा अर्थ वेगळा: मोठी रक्कम एकदम द्यायची, महिन्याचं भाडं नाही, जाताना रक्कम परत. पैसे अडकण्याचा धोका त्यात मोठा आहे, नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पहिला प्रश्न खोल्यांचा नको, पाण्याचा विचारा. कावेरीचं येतं की बोअरचं? टँकर मागवावा लागतो का, आणि त्याचे पैसे भाड्यात की वेगळे? २०२४ च्या उन्हाळ्यात या शहराने पाण्याची फार ओढ काढली. मार्च-एप्रिलमध्ये घर बघायला गेलात तर खरी परिस्थिती दिसते. शक्यतो घर मुलांच्या शाळेजवळ घ्या, नवऱ्याच्या ऑफिसजवळ नको. मोठी माणसं वाहतुकीत अडकून रात्री नऊला आली तरी चालतात, आठ वर्षांचं पोर बसमध्ये दीड तास बसून आलं की घरी काही उरत नाही.

किल्ली घेतली त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, कपाटाच्या बिजागरीचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. अनामत परत मागताना त्याच फोटोंचा उपयोग होतो.

घर बांधताना घर चालवणं

सगळे सांगतात, एक एक खोली बांधत जा. चार खोल्यांच्या घरात सहा माणसांइतकी कामं चाललेली असताना ते होत नाही. खोलीने नाही, वापराने बांधा. वर्षातून एकदा लागतं ते सगळ्यात आधी: गणपतीचं मखर, दिवाळीचे कंदील, पाहुण्यांच्या गाद्या, चांदीच्या ताटांचा गठ्ठा, लग्नातले अल्बम. मग महिन्यातून एकदा लागणारं. रोजचं अगदी शेवटच्या रात्री. खोक्यावर ‘किचन ३’ असं लिहून काही कळत नाही. ‘पोळपाट, खलबत्ता, पुरणयंत्र’ असं लिहा, आणि वर नाही, बाजूला लिहा, कारण एकावर एक रचल्यावर वरची बाजू दिसत नाही. प्रत्येक खोक्याला क्रमांक आणि वहीत यादी. आमची ६२ झाली.

डब्यांतलं धान्य संपवायला दोन महिने आधी सुरुवात करा. नवं भरायचं बंद. आमच्याकडे मे महिनाभर असा स्वयंपाक चालला होता की मुलं जेवणाच्या ताटाला ‘उरलंसुरलं’ म्हणायला लागली: सोमवारी मटकी, मंगळवारी मसूर आणि हुलगे एकत्र, बुधवारी शेवटच्या शेवया. लोणच्याच्या बरण्या ट्रकमध्ये देऊ नका. उन्हात तेल सुटतं, झाकण फुगतं, आणि मग खालच्या खोक्यातल्या चादरी जन्मभर कैरीच्या वासाच्या राहतात. थोडं लोणचं प्लास्टिकच्या घट्ट डब्यात आपल्याबरोबर घ्या, बाकी बहिणीला द्या. ज्वारी-बाजरीचं पीठ ओझ्याने नेऊ नका; तिकडे ज्वारीला ‘जोळ’ म्हणतात, बाजरीला ‘सज्जे’, आणि भाकरी म्हणजे ‘जोळद रोट्टी’, उत्तर कर्नाटकाच्या दुकानांत सगळं मिळतं. न्यायचंच तर गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी.

मुलांना एक-एक खोकं द्या आणि सांगा, यात काय ठेवायचं ते तू ठरव, आम्ही बघणार नाही. आमच्या मुलाने त्यात एक दगड, मोडका रिमोट आणि मित्रांनी सह्या केलेला शर्ट भरला. मुलीने कुलूप मागितलं. तिच्या वयाला घर सोडणं जड जातं, तिला ‘तिथे नवे मित्र मिळतील’ हे शंभरदा सांगू नका. आम्ही तिला एवढंच विचारलं की जाण्याआधी कुणाकुणाला घरी बोलवायचंय. शेवटच्या रविवारी अकरा मुली खोक्यांवर बसून पावभाजी खाऊन गेल्या.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा. त्यांना खोक्यांची चिंता नव्हती. त्यांची विचारणा दोनच गोष्टींची: डॉक्टर कोण, आणि बोलायला कोण? पहिल्यासाठी जुन्या डॉक्टरांकडून सगळ्या औषधांची घटकनामांसह चिठ्ठी, ताजे रिपोर्ट आणि दोन महिन्यांच्या गोळ्या घ्या. चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव असेल तर तिथला दुकानदार दुसरंच काही देईल. पोस्टातली मासिक प्राप्ती योजना, ज्येष्ठ नागरिक बचत खातं दुसऱ्या पोस्टात बदलून घेता येतं. पेन्शनचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’मधून कुठूनही देता येतो, पण आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. दुसऱ्या प्रश्नाला कागद नाही. बेंगळुरूत गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, तो एक आधार. आणि सासूबाईंनी स्वतःच शोधून काढलेला दुसरा: समोरच्या ‘अक्का’. आपल्या अक्का-अण्णाला तिथेही अक्का-अण्णाच म्हणतात. दोघी एकमेकींचं अर्धंच बोलणं समजून रोज तासभर बोलतात.

ट्रक

तीन जणांना घरी बोलवून सामान दाखवा. फोनवर सांगितलेला दर हा दर नसतो. लेखी घ्या: बांधणं, हमाली, जिना, टोल, विमा, जीएसटी यातलं काय धरलंय. इतरांपेक्षा फारच कमी दर सांगणाऱ्याला नको म्हणा. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचं सामान अर्ध्या वाटेत अडवून जादा पैसे मागितले होते. आमच्याकडून पोचल्यावर दुसऱ्या मजल्याच्या जिन्याचे वेगळे मागितले, तेव्हा कोटेशनचा कागद दाखवला आणि विषय मिटला. सगळे पैसे आधी देऊ नका. बिल्टीवर दोन्ही पत्ते, खोक्यांची संख्या आणि गाडीचा क्रमांक बघून घ्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीखालचा मालवाहतुकीचा कागद) लागत नाही, त्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. विम्यासाठी वस्तूंची किमतीसह यादी द्यावी लागते. टीव्ही-फ्रिजचे फोटो चालू अवस्थेत काढा.

ट्रक आपल्यापुरता घ्या, दुसऱ्याच्या सामानाबरोबर नको. स्वस्त पडतं, पण मग सामान चार दिवसांनी येईल की दहा, सांगता येत नाही. गाडी बंद कंटेनरची हवी. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर असा रस्ता आहे आणि मेमधला वळीव दोन्ही राज्यांत कुठेही गाठतो.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून वितळू द्या, पोचल्यावर काही तास उभा ठेवूनच सुरू करा. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या ड्रमला प्रवासाचे बोल्ट लावायचे असतात, ते बहुतेकांनी फेकून दिलेले असतात, शोधा. पलंगाचे स्क्रू पिशवीत भरून त्याच पलंगाच्या फळीला चिकटवा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी विकून टाका.

ट्रकमध्ये न जाणाऱ्या गोष्टी: मूळ कागदांची फाइल, दागिने, औषधं, मुलांची दप्तरं आणि देव. देव आपल्याबरोबर रेल्वेने येतात. आमचे उद्यान एक्सप्रेसने, सासूबाईंच्या मांडीवर, रेशमी रुमालात आले.

पहिले आठ दिवस

एक पेटी वेगळी बांधा आणि ती आपल्याबरोबर ठेवा: छोटा कुकर, पातेलं, चार ताटल्या, चहा-साखर, मीठ, काडेपेटी, सुरी, टॉर्च, दोन चादरी, स्क्रूड्रायव्हर, डासांची उदबत्ती, मोबाइलचे चार्जर. सामान एक दिवस उशिरा आलं तरी निभावतं. आमचं दीड दिवस उशिरा आलं.

नव्या घरात आधी दूध उतू घालतो ना आपण, तिथेही तेच करतात. घरमालकीण स्वतःच विचारत आली, ‘हालु?’ दूध म्हणजे हालु, दही म्हणजे मोसरु, पाणी नीरु, मीठ उप्पु. पोहे मागायचे तर ‘अवलक्की’, साबुदाणा ‘सब्बक्की’. ‘बेकु’ म्हणजे हवं, ‘बेड’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे, ‘एष्टु’ म्हणजे केवढ्याला. एवढ्या चार शब्दांवर भाजीबाजार होतो. ‘कन्नड गोत्तिल्ल’ म्हणजे कन्नड येत नाही. हे कन्नडमध्ये सांगितलं की समोरचा माणूस हसून हिंदीत किंवा खुणांत मदत करतो. इंग्रजीत सांगितलं तर तसा हसत नाही.

आता कागदाची उजवी बाजू काढा. भाडेकरार हातात आला की आधारचा पत्ता, मग बाकी सगळं त्याच्या मागे. मुलांची पाचव्या आणि पंधराव्या वर्षाची बोटांच्या ठशांची नोंदणी राहिली असेल तर त्याच फेरीत उरका. मतदारयादीसाठी आता राज्य बदललं तरी नमुना ८ भरायचा, नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. वीजबिलावरचा बेसकॉमचा खातेक्रमांक मालकाकडून घ्या, मागची थकबाकी नाही ना, बघा.

दिवाळीला किंवा त्याआधी पुण्याला एक फेरी होतेच. कागदाच्या डाव्या बाजूचं उरलंसुरलं तेव्हासाठी ठेवा: लॉकर, सोसायटीची कागदपत्रं, आणि नवा क्रमांक घेतला असेल तर जुन्या आरटीओत कराच्या परताव्याचा अर्ज. जाताना एक बॅग रिकामीच न्या. भाजणी तोवर संपलेली असते.